शेजारणीने लिंपलेली बाजू

त्या आषाढात दहा दिवस मी डोळे मिटले की प्रार्थनेऐवजी मला बांध दिसायचा. ओठ हलायचे, सवयीचे शब्दही यायचे, पण ते वर कुठे जातच नसत. चुलीच्या धुरासारखे कौलांखाली घुटमळत राहायचे. देव ऐकत नाही असं मला वाटत नव्हतं. तो ऐकतो आहे आणि म्हणूनच गप्प आहे, अशी माझी खात्री झाली होती, आणि ती खात्री कुठल्याही शंकेपेक्षा वाईट होती. आज मी अडुसष्ट वर्षांची आहे. गुडघे गेले, दात गेले, पण त्या दहा दिवसांची शांतता अजून कानात आहे. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, आजी, तुमचा अनुभव लिहा, आम्हाला उभारी येईल. येईल की नाही कोण जाणे. यात माझं कौतुक करावं असं काही नाही, आणि यात जी बाई आहे तिची मला लाजही वाटते आणि हसूही येतं. ती बाई म्हणजे मीच, बेचाळीस वर्षांची, ताठ मानेची आणि दहाच्या दहा आज्ञा तोंडपाठ असलेली.

पाठ म्हणजे कशा! माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, नगरकडच्या एका खेड्यात सुवार्तिक होते. नऊ वर्षांची असताना मी सगळ्या मंडळीपुढे दहा आज्ञा एका दमात म्हणून दाखवल्या आणि स्टीलचा पेला बक्षीस मिळवला. सरळ म्हणून झाल्यावर मी कुणी न सांगता उलट्याही म्हटल्या, दहावीपासून पहिलीपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी नाही वाजवल्या. घरी जाताना एवढंच म्हणाले, "पाठ झाल्या, बरं झालं. आता एक एक कळू दे." मला भयंकर राग आला. पेला मिळालेल्या मुलीला आणखी काय कळायचं राहिलंय? आज्ञा म्हणजे माझ्या लेखी काटेरी तारेचं कुंपण होतं. आत आपण चांगली माणसं, बाहेर ती बाकीची. आणि कुंपणाच्या आत राहून अगदी तारेला अंग घासून चरायला काय हरकत आहे, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

लग्न होऊन मी पोशीर नदीच्या पलीकडच्या या गावात आले. गावात आमचं एकच ख्रिस्ती घर, बाकी सारी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवणारी हिंदू माणसं. यांची नोकरी खोपोलीला, शिळफाट्याजवळच्या एका कारखान्यात. पहाटे निघायचे ते दिवेलागणीला परत. घरामागचं भाताचं खाचर सासूबाई बघायच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. आज्ञा किती असं विचारलं तर त्या म्हणायच्या, "हायेत आठ-धा." मी मनातल्या मनात हसायचे. मनातल्या मनात म्हणते आहे, पण तोंडावर ते दिसत असणारच.

आमच्या खाचराच्या वरच्या अंगाला अनसूयाचं खाचर. ती माझ्याच वयाची, ऐन तिशीत नवरा गेलेली, एक लहान मुलगा आणि ते एक खाचर एवढाच तिचा संसार. तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. "काय गं नगरवाली, आज भात शिजला का परत भाकऱ्याच थापल्या?" असं बांधावरूनच ओरडायची. तिचं खाचर वर, आमचं कमरेएवढं खाली, आणि मधे दोघींचा सामाईक बांध. वरचं पाणी तो धरून ठेवायचा.

या बांधाची आमच्याकडे एक रीत होती. ज्येष्ठात माती ओली झाली की दोन्ही घरची माणसं एकाच दिवशी घमेली घेऊन यायची. पण आपली बाजू आपण लिंपायची नाही. वरच्यांनी उतरून आमच्या अंगाने चिखल थापायचा, आम्ही चढून त्यांच्या अंगाने. आणि आपल्या बाजूने बांधाला कुदळ तर कधीच लावायची नाही. सासूबाई या बाबतीत इतक्या कडक, की बांधावरचं गवत काढायलाही मला विळा द्यायच्या, कुदळ नाही. मला हा सगळा अडाणीपणा वाटायचा. स्वतःची बाजू सोडून दुसऱ्याची लिंपायची, त्यासाठी उड्या मारत वरखाली करायचं, त्यात अर्धा दिवस घालवायचा!

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, एक हात आणि एक पाय गेला, आणि खाचर माझ्या हाती आलं. पहिल्याच ज्येष्ठात मी अनसूयाला म्हटलं, "हे वरखाली कशाला? तू तुझी बाजू कर, मी माझी करते. वेळ वाचेल." तिने घमेलं खाली ठेवलं. म्हणाली, "म्हातारीला इचारलंस का?" मी म्हटलं, "विचारलं." नव्हतं विचारलं. बघा, पहिली माती पडायच्या आधीच एक आज्ञा गेली, पण मला ती मोजावीशी वाटली नाही.

मग मी माझ्या बाजूने कुदळ लावली. नीट करायला म्हणून. बांधाचा पाय जरा पुढे आलेला होता, तो सरळ केला. सरळ केल्यावर रोपांची एक ओळ जास्त बसली. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. कुणाला दिसणार? वरून बांध होता तेवढाच दिसायचा, मी खालून कोरत होते. अशी आठ वर्षं. आणि हसू कशाचं येतं सांगू? कामाला लय यावी म्हणून मी कधी कधी आज्ञाच पुटपुटायचे. लहानपणची सवय. दहावी म्हणताना एक घाव, नववी म्हणताना एक घाव. शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको, आणि धप्प, त्याच शेजारणीच्या बांधात कुदळ. मला खरंच काही जाणवत नव्हतं. चोरी? चोरी कसली, माझ्याच बाजूची माती! पेलेवाली मुलगी होते मी. तारेला अंग घासत चरत होते.

त्या वर्षी आषाढात सलग चार दिवस पाऊस पडला. डोंगर दिसेनासे झाले. लावणी उरकून आठवडा झाला होता, रोपं नुकती मान वर काढत होती. गुरुवारी दुपारी मी सासूबाईंना पेज भरवत होते, तेवढ्यात अनसूयाची हाक आली, "नगरवाली, धाव गं! बांध चालला!"

मी गेले तेव्हा बांधाच्या पोटातून हातभर रुंद पाणी येत होतं, आमच्या बाजूला. अनसूया खाली उतरून त्या भोकात पेंढा आणि चिखल कोंबत होती, माझ्या खाचरात उभी राहून, मी जिथे कोरलं होतं नेमकी तिथे. मी मातीची गोणी घेऊन पोचते न पोचते तोच बांध बसला. फुटला नाही, बसला; म्हातारं माणूस मटकन खाली बसतं तसा. वरचं सगळं पाणी, सगळी रोपं, चिखल आणि बांधातला एक मोठा दगड तिच्या पायावर आला. ती आडवी झाली, तिच्या तोंडावरून पाणी जायला लागलं. मी तिचं डोकं मांडीवर धरून वर उचललं आणि ओरडत राहिले. देवाचा धावा करायला गेले तर एकही प्रार्थना आठवेना. जिभेला जे पाठ होतं तेच बाहेर आलं. पहिली, दुसरी, तिसरी... आठवीपाशी, 'चोरी करू नको'पाशी, माझं तोंड बंद पडलं. पुढचं मी म्हणूच शकले नाही. पलीकडच्या शेतातली माणसं पहार घेऊन धावत आली, त्यांनी दगड उचलला, तिला झोळीत घालून रस्त्यावर नेलं आणि टेंपोने कर्जतच्या दवाखान्यात.

डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. पाय वाचला, पण नडगीचा चुराच झाला होता. ती पुन्हा सरळ चालणार नाही, असं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. बाहेर बाकावर मी ओल्या लुगड्यात बसले होते. तिचा दीर नामदेव आला आणि मला विचारलं, "वयनी, बांध फुटला तरी कसा?"

मी म्हटलं, "खेकड्यांनी."

आमच्याकडे खेकडे बांध पोखरतात हे खरं आहे. दर पावसाळ्यात भोकं बुजवत फिरावं लागतं. त्यामुळे ते सहज पटण्यासारखं होतं. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण माझं तोंड थांबलं नाही. मी पुढे म्हटलं, "किती भोकं होती! मी तिला सांगत होते, बुजव गं म्हणून."

त्या बिचाऱ्या खेकड्यांवर मी खोटी साक्ष दिली, असं आता मी नातवंडांना सांगते आणि ती हसतात. पण साक्ष खेकड्यांवर नव्हती. ती अनसूयावर होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. तिचं तोंड पिवळं पडलं होतं. मला बघून ती रडली नाही, ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मला नाय दिसली गं भोकं. तू सांगितलं व्हतंस म्हनं, ते बी मला आठवंना. माझीच नजर गेली असंल. डोक्यातच काय ऱ्हात नाय आताशा." ती माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेत होती. मी तिच्यासाठी नेलेली खिमट चमच्याने भरवली आणि घरी आले. तिथून माझी प्रार्थना कौलांखाली अडकायला लागली.

मग कळलं की नामदेव खाचर विकायचं म्हणतोय. सातबाऱ्यावर त्याचंही नाव होतं. मुंबईची कुणी माणसं फार्महाऊससाठी जागा बघत फिरत होती. 'वयनीच्यानं आता काय शेती व्हत नाय. पाय चांगला हुता तवा खेकड्याची भोकं बुजवली नायत, आता काय करनार?' असं त्याचं म्हणणं. दुष्ट माणूस नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं, कारण मी त्याला तसं सांगितलं होतं. पुढच्या रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत गावकी बसणार होती, आणि बांधाला बांध लागलेली शेजारीण म्हणून मला बोलावणं आलं. माझ्या एका वाक्यावर एका विधवेचं खाचर जाणार होतं.

त्या रविवारी सकाळी मी उपासनेला गेले नाही. सासूबाईंना बरं नाही असं सांगून यांना आणि मुलांना नेरळला पाठवलं. सासूबाईंना बरं होतं. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की कुणाचंही नाव चालतं. मी अंगणाकडच्या पडवीत बसून मनात तयारी करत होते. दुपारी काय सांगायचं? काही सांगायचंच नाही, 'मला काय कळतं' म्हणायचं. म्हणजे खोटं नाही आणि खरंही नाही. तारेला लागून, पण आतच.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई अंगणात आली. डोंगरातल्या कुठल्या तरी वाडीवरची असावी, याआधी कधी पाहिली नव्हती. पाटीत खेकडे. पाय बांधलेले, पाल्यावर ठेवलेले, डोळे वर करून माझ्याकडे बघणारे. मी म्हटलं, "नको बाई. आज नको." ती पाटी उतरवून पायरीवर टेकली. पाणी मागितलं. मी दिलं. पिता पिता ती घरामागच्या त्या फुटक्या बांधाकडे बघून म्हणाली, "त्यो बांध कसा गेला?"

मी म्हटलं, "खेकड्यांनी पोखरला."

ती हसली. तंबाखूने काळे झालेले दात. "नाय गं बाय. लावनीच्या आधी मी त्यात हात घालून गेलेय, या टोकाला त्या टोकाला. येक नाय गावला. त्या बांधात खेकडा न्हवताच." मग जराशाने, काही विशेष नाही अशा आवाजात, "बांधाचा पायच न्हवता जाग्यावर."

तिने पाटी उचलली आणि गेली. तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. खेकडे खपतात का बघायला आली होती आणि खपले नाहीत म्हणून निघून गेली. देवाचा निरोप येतो तो पांढऱ्या झग्यात, असं लहानपणी आमच्या चित्रांत होतं. मला तो आला तेव्हा त्याला वास येत होता, आणि पाटीतून नांग्या हलत होत्या. मी त्यावर वाद घालत नाही. योगायोग म्हणायचा असेल त्याने म्हणावा. मला एवढंच माहीत आहे की त्या सकाळी त्या दारात दुसरं कुणी हेच सांगत आलं असतं तर मी ते झटकून टाकलं असतं.

आतून सासूबाईंनी हाक मारली. झटक्यानंतर त्यांचे शब्द घसरायचे, सावकाश ऐकावे लागायचे. मी आत गेले. त्या म्हणाल्या, "ऐकलं मी."

मी पदराला हात पुसायला लागले.

"आठ वरसं मला ठावं हाय. त्या खाचराच्या पेंढ्या वाढल्या तवाच कळलं. एक अंग गेलंय माझं. मोजनं नाय गेलं."

मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसले. म्हटलं, "मग बोलला का नाही?"

त्या आढ्याकडे बघत म्हणाल्या, "तुझ्या हातचं खात हुते. जीभ रेटली नाय. माझी बी चूकच हाय ती." त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं, ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता, मी पुसलं. मग मला रडू कोसळलं. मी म्हटलं, "देवाने मला शिक्षा केली. आज्ञा मोडली म्हणून त्याने बांध फोडला, आणि शिक्षा मात्र अनसूयाला झाली. हा कसला न्याय?"

सासूबाई एकदम चिडल्या. इतक्या वर्षांत इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "द्येवानं फोडला? कुदळ द्येवाच्या हातात व्हती का गं? त्यानं तर सांगून ठेवलं व्हतं, हितं कुदळ लावू नको. कशाला सांगितलं? तुझ्यावर दात हायेत म्हनून? अगं, पोर हिरीच्या कडंला गेलं की आय वरडती. आय काय हिरीची बाजू घेती व्हय?"

त्यांनी मान बांधाच्या दिशेला वळवली.

"बांध पान्याला छळाया घालत्यात का? भाताला पानी ऱ्हावं म्हनून घालत्यात. जा. दुपारी जा आन सांग."

मी दहा आज्ञा उलट्या म्हणून पेला मिळवला होता, आणि ज्या बाईला त्या किती हेसुद्धा धड माहीत नव्हतं तिने त्या मला एका खाटेवरून समजावल्या. त्या क्षणी माझ्या मनातली काटेरी तार कुणीतरी उपटून काढल्यासारखं झालं. ज्या 'नको'ला मी आयुष्यभर धाक समजत आले, ती हाक होती. अनसूयाचा पाय, तिचं खाचर, माझी झोप, सासूबाईंचा शेवटचा काळ, हे सगळं त्या एका 'नको'च्या आत सुरक्षित होतं. मीच खालून कोरत गेले.

दुपारी शाळेच्या पडवीत वीसेक माणसं होती. बाहेर पाऊस. अनसूयाला आदल्या दिवशीच घरी आणलं होतं. प्लॅस्टर घातलेला पाय बाकावर ठेवून, तिला खुर्चीतच उचलून आणलं होतं. पोलीस पाटलांनी विचारलं, "बांधात खेकड्यांची भोकं व्हती का नाय, तुमी सांगा."

मी उभी राहिले. म्हटलं, "नव्हती. एकही नव्हतं. मी तिला कधी काही सांगितलंही नव्हतं. बांध मी कोरला. आठ वर्षं, माझ्या बाजूने."

मग कुणीतरी मागून म्हणालं, "घ्या! ऐतवारी गानी म्हनायची आन सोमवारी बांध कोराचा." दोघे-तिघे हसले. ते बरोबरच म्हणत होते. मला वाईट वाटलं ते माझ्यासाठी नाही. गावात प्रभूचं नाव फक्त माझ्या घरावर होतं आणि मी ते चिखलात पाडलं होतं. नामदेव खाली बघत होता. "मंग मी वयनीला दहा दिस उगाच बोल लावला," एवढंच तो म्हणाला, आणि विकण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. ठरलं असं, की बांध आमच्या घराने मूळ जागी घालून द्यायचा, आणि अनसूया उभी राहीपर्यंत तिचं खाचरही आम्ही लावायचं, मळायचं, भात तिच्या घरी पोचवायचं.

अनसूयाने मला एकच विचारलं. "आठ वरसं?"

"आठ."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

खरं सांगितल्यावर सगळं गोड होतं असं मी लिहिलं तर ते खोट्या साक्षीची नववी आज्ञा पुन्हा मोडल्यासारखं होईल. घरी यायच्या आतच यांना रस्त्यात सगळं कळलं होतं. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. कारखान्यात रजा टाकून त्यांनी चार दिवस एकट्याने बांध मागे नेला. मी घमेली उचलायला गेले तर माझ्या हातून ती काढून घेतली. रुजलेल्या रोपांच्या ओळींवर, माझ्या त्या लाडक्या जास्तीच्या ओळींवर, त्यांनी माती टाकली. भाद्रपदात सासूबाई गेल्या. अनसूया दफनाला आली नाही. मुलाच्या हातून फुलं पाठवली, सासूबाईंसाठी. पुढे दोन पावसाळे तिने माझ्याशी शब्द काढला नाही. तिच्या खाचरात मी लावणी करायचे आणि ती काठी टेकत बांधावर येऊन बघायची, मी कुठे काय करते ते. तिचा एक पाय ओढल्याचा आवाज मला न बघताही ओळखू यायला लागला. त्या काळात मी रोज प्रार्थना करायचे, आणि आता ती कौलांखाली अडकत नव्हती, पण तिच्यात मागणं काही नसायचं. नुसतं बसायचं, त्याच्यासमोर, झाकायला काही न उरलेलं.

तिसऱ्या ज्येष्ठात मी बांधाला चिखल थापायला गेले, तर अनसूया घमेलं पालथं घालून माझ्या खाचरात, बांधाच्या पायाशी बसलेली. काठी बाजूला. हातात चिखलाचा गोळा. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वर जा. माझी बाजू लिंप. तुझी मी करते."

मी वर गेले. दोघींच्या मधे बांध, एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. नुसते थापल्याचे आवाज येत होते, तिकडून एक, इकडून एक. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला, "नगरवाली, कोरत तर नाय ना गं?" त्यात थट्टा होती की नव्हती, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण हा प्रश्न तिने त्यानंतर दर ज्येष्ठात विचारला, वीस-बावीस वर्षं. आणि मी दरवेळी म्हटलं, "नाही गं बाई." तिने क्षमा केली असं ती कधी म्हणाली नाही. मी विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. शेवटपर्यंत लंगडतच होती.

यंदा माझी नात करुणा दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चची पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गाला जाते आहे. परवा पुस्तक आपटून म्हणाली, "आजी, हे काय गं, सगळं नको, नको, नको. देवाला आपलं काही बरं बघवत नाही का?" मी इतकी हसले की दातांची कवळी हलली. अगदी माझंच बेणं! म्हटलं, चल माझ्याबरोबर. आणि तिला बांधावर घेऊन गेले. अनसूयाची सून सुनंदा घमेलं घेऊन आलीच होती. आमच्याकडून आता वर चढायला मी नाही, करुणा चढली. जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून, तोंड वाकडं करत, तिने वरच्या बाजूला पहिला चिखल थापला.

मी खाली, आमच्या अंगाला, पालथ्या घमेल्यावर बसले होते. समोर सुनंदा आमची बाजू लिंपत होती. तिच्या बोटांचे ठसे ओल्या मातीत उमटत होते, एकाखाली एक. एके ठिकाणी जरा खड्डा राहिला होता. माझा हात आपोआप पुढे झाला, मग मी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला. माझी बाजू माझ्या हाती दिली की मी काय करते ते मी बघून बसले आहे. ती दुसऱ्याच्या हाती असलेलीच बरी. प्रभू, ती तुझ्या हाती राहू दे, एवढंच मी मनात म्हटलं, आणि ते वर गेलं.

सुनंदाने मागे वळून बघितलं. "आजी, खड्डा ऱ्हायला का गं तिथं?"

"राहिलाय," मी म्हटलं. "तूच भर."